खालच्या पंचमाची पट्टी

मरिंबा मी डोळ्यांनी कधी पाहिलेला नाही. त्याचे आवाज मात्र माझ्याकडे आहेत. वर्धेला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, माझी एका खोलीची रेकॉर्डिंगची जागा आहे. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये ते आवाज राहतात. कुठल्याशा दूरच्या देशातल्या माणसानं त्या वाद्याची एकेक लाकडी पट्टी आधी हलक्या हातानं वाजवली, मग जरा दाबून, मग जोरात. प्रत्येक ठोका वेगळा टिपून ठेवला आणि ते सगळे ठोके विकायला काढले. आमच्या धंद्यात त्यांना सॅम्पल म्हणतात. की-बोर्डवर बोट ठेवलं की त्या अनोळखी माणसाचा ठोका माझ्या खोलीत वाजतो. तेच बोट पुन्हा ठेवलं तर त्याच पट्टीचा जरा वेगळा ठोका वाजतो, कारण त्यानं एकेक सूर अनेकदा वाजवून ठेवलाय. माणूस दोनदा अगदी सारखं वाजवत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

नाचणगावला माझ्या वैनीच्या स्वयंपाकघरात हे आवाज रोज सकाळी वाजायचे. तेलाच्या बरणीला टेकवून ठेवलेला मोबाईल आणि त्यातून येणारे लाकडाचे ठोके. गाणं नाही, ढोलकी नाही, नुसते ठोके. वैनी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. कोणी आलं तर सांगायची, "आमचे वाजवून राह्यले." आमचे म्हणजे माझा मोठा भाऊ, दादा. तो गेल्यावरचा हा दुसरा उन्हाळा.

ते दादाचं वाजवणं नव्हतं. मी माझ्या खोलीत बसून, मरिंब्याच्या सॅम्पलवर, दोन बोटांनी केलेलं होतं ते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला बोलायची सवय कमीच. ह्याच्या तोंडून गोष्ट काढणं म्हणजे ओल्या कापसातून सरकी काढणं, असं घरचे म्हणतात. ते गमतीनं म्हणतात. त्यात किती वर्षं लपून बसता येतं, ते मला माहीत आहे.

दादा पुलगावला आरामशीनवर कामाला होता. लाकूड कापायची, रचायची, गाडीत चढवायची. तिथून तो सागवानाचे उरलेले तुकडे आणायचा. तरुणपणी कधीतरी त्यानं कुठल्या कार्यक्रमात लाकडी पट्ट्यांचं वाद्य ऐकलं आणि घरी येऊन तसं करायला बसला. एक लांबट पेटी, तिच्या काठांवर जुन्या घोंगडीच्या पट्ट्या, त्यांवर सागवानाच्या पट्ट्या ओळीनं, डावीकडे लांब आणि उजवीकडे आखूड होत जाणाऱ्या. दोन हातांत दोन काड्या. त्याला काष्ठतरंग म्हणतात हे मला फार पुढे कळलं. आमच्या वस्तीत त्याला 'दादाच्या पट्ट्या' एवढंच नाव होतं.

सूर लावायला त्याच्याकडे आमच्या विहारातली बाजाची पेटी होती. एका पट्टीवर बोट दाबून ठेवायला मला बसवायचा आणि सागवान खालून तासत राहायचा, दोन्ही आवाज एक होईपर्यंत. विहारातली पेटीच मुळात बिघडलेली होती. तिचे सूर जगाच्या सुरांपेक्षा थोडे चढे. आम्हाला काय माहीत? आमच्या गायन पार्टीचं सगळं त्या पेटीवरच चालायचं. गायक तिच्यावर गायचा, ढोलकी तिला लागायची, दादाच्या पट्ट्याही तिलाच लागल्या. दादाचं वाद्य साऱ्या दुनियेत त्या एका पेटीशीच जुळत होतं.

डावीकडची पहिली जागा कायम रिकामी होती. तिथं खालचा पंचम यायला हवा. त्याला चांगली लांब पट्टी लागते, आणि दादाला मिळालेल्या प्रत्येक लांब तुकड्यात गाठ निघायची. गाठीचं लाकूड बोलत नाही, नुसतं भद्द वाजतं. म्हणून दादा खालच्या पंचमाऐवजी वरचा वाजवून पुढे जायचा. ढोलकीवाला म्हणायचा, "दादाची गाडी खालच्या पंचमाले थांबत नाई. तिकडच्यांनी पैदल या." दरवर्षी जयंतीला हेच म्हणायचा आणि दरवर्षी सगळे हसायचे. दादाही.

मग त्याचे हात कापायला लागले. आधी चहाचा कप, मग शर्टाची बटणं. दवाखान्यात दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, आरामशीनवरचं काम सुटलं. पट्ट्या मात्र तो वाजवतच होता. म्हणायचा, "पहिले लांब सूर धराले हात मुद्दाम थरथरवा लागे. आता हे फुकटात भेटलं." लाकडाचा सूर लगेच मरतो. तो लांबवायचा तर दोन्ही काड्यांनी भराभर ठोके मारत राहावे लागतात. तेवढ्यापुरतं त्याचं म्हणणं खरं होतं. पण कापणारी काडी हव्या त्या पट्टीवर थांबत नव्हती. शेजारच्या पट्टीलाही लागून जायची.

त्या वर्षी पार्टीच्या गायकानं जयंतीसाठी नवं गाणं बांधलं आणि ते माझ्याकडे रेकॉर्ड करायचं ठरलं. पार्टी जमवून वाजवलेलं गाणं आता कोणी ऐकत नाही, त्याला कॉम्प्युटरचं भारी संगीत पाहिजे, हे गायकाचं म्हणणं. पण दादाच्या पट्ट्या त्यालाही हव्या होत्या. ती आमच्या पार्टीची ओळख होती.

दादा पेटी चादरीत बांधून एसटीनं आला. मांडीवर धरून आणली होती. वैनीनं डब्यात मुंगवड्यांची भाजी दिलेली. खोलीत पंखा बंद करावा लागतो, नाहीतर माईकमध्ये घुरघुर येते. खिडकीला गादी लावलेली. मार्चचं ऊन पत्र्यावर. दादानं सदरा काढून ठेवला आणि बनियनवर वाजवायला बसला. चुकलं की स्वतःच थांबायचा आणि म्हणायचा, "अजून एकदा घे." मी घ्यायचो. गायक मोबाईल बघत बसला होता. मधूनमधून माझ्याकडे बघायचा आणि भुवया उडवायचा.

दुपारभर ते चाललं. अडचण दोन प्रकारची होती. एक दादाच्या हातांची. दुसरी त्या चढ्या सुरांची. माझं कॉम्प्युटरचं संगीत जगाच्या सुरात होतं आणि दादाच्या पट्ट्या विहारातल्या पेटीच्या सुरात. दोन्ही एकत्र आले की कानात खडा आल्यासारखं व्हायचं.

शेवटी मी म्हटलं, "झालं दादा."

"झालं?"

"मस्त आलं."

"खरं सांग."

"खरं."

त्यानं डबा उघडला. आम्ही जेवलो. त्याचा हात कापत होता म्हणून भाजीचा रस्सा माझ्या टेबलावर सांडला. तो स्वतःच्या दुपट्ट्यानं पुसत बसला, वायरींच्या मधली जागासुद्धा.

मरिंबा मी त्याआधी थोडेच दिवस कॉम्प्युटरसाठी विकत घेतला होता. लग्नाच्या व्हिडिओंना, शाळेच्या गॅदरिंगच्या गाण्यांना बरा पडेल म्हणून. त्या दिवशी दादा नाचणगावला परत गेल्यावर मी त्याचं वाजवणं बाजूला केलं आणि त्याच जागी मरिंबा वाजवला. वाजवला म्हणजे काय, एकेक सूर बोटानं टाकला. तो फार स्वच्छ आला. इतका स्वच्छ की तो दादाचा वाटेना. त्या प्रोग्राममध्ये एक बटण आहे. ते फिरवलं की वाजवणं माणसासारखं होतं. म्हणजे ठोके जरा मागेपुढे होतात, एखादा हलका पडतो. मी ते बटण फिरवलं. मग हातानंही थोडं केलं. कडव्याच्या शेवटी दादा नेहमी जरा उशिरा यायचा, तसा उशीर केला. त्याची सवय मला पाठ होती. ती मी त्याच्याच जागी वापरली.

इथं एक सांगायला हवं, जे मी स्वतःलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. सुरांची अडचण सोडवता आली असती. सगळं गाणं थोडं वर उचलून दादाच्या पट्ट्यांना लावायचं. कॉम्प्युटरमध्ये त्यासाठी एक आकडा बदलायचा असतो. मग त्याच्या वाजवण्यातले बरे बरे तुकडे जोडता आले असते. एका दिवसाचं किचकट काम होतं. मी ते केलं नाही. घाई होती असं म्हणतो, पण तेवढी नव्हती. सगळं गाणं एका आरामशीनवाल्याच्या पट्ट्यांसाठी उचलायचं, हे मला पटलं नव्हतं. माझ्या नवीन सामानाचा आवाज लोकांना ऐकू जावा, असंही वाटत होतं.

त्यानंतर मरिंब्याचा उरलेला भाग, जोराच्या ठोक्यांचा, कॉम्प्युटरात भरायचा राहिला होता. जागा कमी पडली. स्क्रीनवर तशी पाटी आली. मी सगळ्यात मोठं काय आहे ते पाहिलं, तर दादाची ती दुपार होती. अर्धवट, चुकलेलं, थांबलेलं, त्याचं 'अजून एकदा घे'. ते मी पुसून टाकलं. कचऱ्याच्या डब्यातूनही काढलं, कारण डब्यात असेपर्यंत जागा रिकामी होत नाही. मग मरिंबा पूर्ण बसला.

जयंतीच्या सकाळी विहारासमोर निळा झेंडा चढला, पंचशील झालं आणि भोंग्यावर ते गाणं लागलं. दादा पांढरा सदरा घालून खुर्चीवर बसला होता. मी शेजारी उभा. पट्ट्यांचा आवाज सुरू झाला तसं लोकांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा हात मांडीवर ताल धरत होता. पहिल्या कडव्याच्या शेवटी हात थांबला. नंतर गाणं संपेपर्यंत तो तसाच राहिला, आणि मला वाटलं, हाताचं दुखणं.

लोक आले, पाठीवर थाप मारून गेले. ढोलकीवाला म्हणाला, "म्हातारपणी हात सुधरला लेका तुहा." दादा हसला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, ह्याचीच कमाल. लोकांना तो मोठेपणा वाटला. मग जरा मोकळं झाल्यावर दादा मला म्हणाला, "खालचा पंचम चांगला लागला."

मी "हो" म्हटलं.

कौतुक ऐकण्यात होतो. गाण्याच्या चालीत खालचा पंचम होता, मी तो सहज टाकला होता. मरिंब्याला काय, सगळ्या पट्ट्या आहेत. दादाच्या पेटीत ती पट्टीच नाही, हे त्या क्षणी मला आठवलंदेखील नाही.

गाणं वर्षभर चाललं. अल्लीपूरच्या मिरवणुकीत वाजलं, लग्नांत वाजलं, लोकांच्या मोबाईलवर गेलं. पुढच्या जयंतीला समुद्रपूरहून गायकाला बोलावणं आलं, आणि तिथल्या मंडळींनी अट घातली की तो पट्ट्यांवाला बुवा पाहिजे. गायक माझ्याकडे आला. दादाचे हात तोवर आणखी बिघडले होते. दुपारी तो घरी वाजवायला बसला की काड्या हातातून सुटून पडायच्या. वैनी त्याला बोलायची, आता पुरे करा, तुमच्यानं होत नाही, कायले जीव काढता. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तीही काय करणार, तिला ते बघवत नव्हतं.

तोड मीच काढली. नाचणगावला गेलो, दादाजवळ ओट्यावर बसलो आणि सांगितलं, "पट्ट्यांवर दुपट्टे टाकू. तू फक्त हात चालवजो. आवाज मी मागून सोडतो."

तो आपल्या हातांकडे पाहत होता. म्हणाला, "कोणता आवाज?"

"तुहाच. रेकॉर्डिंगमधला."

"बरं," दादा म्हणाला.

कार्यक्रम सकाळचा होता, ऊन तापायच्या आत. मैदानात मांडव, पुढं बाया-लेकरं, मागं माणसं उभी. मी स्टेजच्या मागे लॅपटॉप लावला आणि दादाची पेटी मांडायला गेलो. चादर सोडली, तर डावीकडची रिकामी जागा रिकामी नव्हती. तिथं एक नवी पट्टी होती. लांब, फिक्या रंगाची, निंबाच्या लाकडाची असावी. बाकीच्या सागवानी पट्ट्या हाताळून काळ्या झालेल्या आणि ही अशी कच्ची.

मी विचारलं, "हे काय?"

दादा पट्ट्यांवर दुपट्टा नीट बसवत होता. मान वर न करता हळू आवाजात म्हणाला, "खालचा पंचम. नाई तं कोणी पाह्यलं तं म्हणन, आवाज आला कुठून."

मग मला कळलं. त्याला पहिल्या सकाळीच कळलं होतं, भोंग्याखाली, पहिल्या कडव्याच्या शेवटी. वर्षभर त्यानं लोकांच्या थापा पाठीवर घेतल्या आणि मला उघडं पाडलं नाही. आताही माझी लबाडी उघडी पडू नये म्हणून त्यानं पट्टी करून आणली होती, त्या हातांनी.

तेव्हा बोलायला हवं होतं. गायकानं नमस्कार केला, मी लॅपटॉपचं बटण दाबलं. दादा दुपट्ट्यावर काड्या मारत होता, त्याचा काहीच आवाज येत नव्हता, आणि खांबांवरच्या स्पीकरमधून तो परक्या देशातला माणूस वाजत होता. कडवं संपलं की दादाचा डावा हात बरोबर त्या नव्या पट्टीवर जायचा. एकदाही चुकला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी त्याला शाल दिली.

परतीला गायकाच्या गाडीत तो पेटी मांडीवर घेऊन बसला. गायक वाटभर बोलत होता. मी वर्धेला उतरलो तेव्हा दादा म्हणाला, "जाजो सावकाश." माझं घर तिथून हाकेवर होतं.

त्यानंतर दादानं पट्ट्या वाजवल्या नाहीत. पेटी चादरीत बांधून माळ्यावर गेली. मी नाचणगावला जायचो. आम्ही गोळ्यांबद्दल बोलायचो, सोयाबीनबद्दल, त्याच्या पोरीच्या नोकरीबद्दल. बोलणं संपलं की तो थोडा वेळ तसाच गप्प बसायचा, माझ्याकडे न बघता. ती जागा तो माझ्यासाठी ठेवायचा, असं आता वाटतं. मी चहाचा कप खाली ठेवून गाडीची वेळ झाली म्हणायचो. एका हिवाळ्यात ताप छातीत उतरला आणि तो गेला.

त्याच्या पुण्यानुमोदनाला विहारात ते गाणं लावलं. लोक बोलायला उभे राहिले. हात कापत असतानाही किती साफ वाजवलं बघा, असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणाला. मी पहिल्या रांगेत हात जोडून बसलो होतो.

पुढे वैनीनं मला म्हटलं, "भाऊजी, गाण्यातून फक्त त्याईचं वाजवणं काढून भेटते का? गाणं नको." मला नाही म्हणता आलं असतं. सापडत नाही म्हटलं असतं तरी खपलं असतं. मी वर्धेला आलो, गाण्यातून बाकी सगळं बंद केलं, मरिंबा तेवढा ठेवला आणि तिच्या मोबाईलवर पाठवला.

यंदा होळी झाल्यावर एका सकाळी मी तिच्याकडे गेलो होतो. ठोके वाजत होते. वैनी पोळी लाटत होती. लाटता लाटता म्हणाली, "एक सांगू भाऊजी? मी त्याईले लय बोलली."

मी बरणीजवळच्या मोबाईलकडे पाहिलं.

"तुमच्यानं होत नाई म्हणे मी त्याईले. घडी घडी म्हणे. म्हणून त्याईनं सोडलं. आन् हे ऐका. हे काय न होणाऱ्या माणसाचं वाजवणं होय?" तिनं पोळी तव्यावर टाकली. "रोज ऐकतो आन् रोज मले लागते. पण ऐकल्याबिगर राहवत नाई."

मला वाटत होतं, ती दादासाठी ऐकते. ती स्वतःला शिक्षा म्हणून ऐकत होती, आणि ती शिक्षा मी बनवून दिली होती. मग मात्र मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. मार्चची दुपार, मरिंबा, माणसासारखं करायचं बटण, पुसलेलं रेकॉर्डिंग, समुद्रपूरचे दुपट्टे. एवढं सलग मी आयुष्यात बोललो नसेन. ठोके मागे चालूच होते. सांगून होईपर्यंत तिनं तव्यावरची पोळी उतरवली, दुसरी टाकली नाही. मग हात लांब करून मोबाईल बंद केला. काचेवर तिच्या बोटाचं पीठ राहिलं.

"मंग त्याईचं कुठं हाय?"

"नाही. पुसलं."

"काऊन?"

"जागा नव्हती."

तिनं तव्याखालचा गॅस बंद केला. मग म्हणाली, "म्हणजे खरंच होत नव्हतं त्याईच्यानं. मी बोलली ते बरोबर होतं म्हणता."

हो म्हटलं तर दादाचं उरलंसुरलं जात होतं. नाही म्हटलं तर तिची सल परत येत होती. मी त्या एका आकड्याचंही सांगितलं, की गाणं वर उचललं असतं तर त्याचं वाजवणं ठेवता आलं असतं. ते तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरं म्हणून, मलाच कळलं नाही. हात तर कापतच होते.

"तुमाले आता सुचलं सांगाचं," वैनी म्हणाली. आवाज चढवला नाही.

थोड्या वेळानं तिनं मला माळ्यावरून पेटी काढायला लावली. चादर सोडली. घोंगडीच्या पट्ट्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, सागवान जागच्या जागी होतं. मी म्हटलं, मी माईक आणतो, एकेक पट्टी रेकॉर्ड करून ठेवतो, निदान लाकूड तरी त्याचं.

"वाजवन कोण?"

"मी."

"तुमी कायले? तुमी तं पहिलेच वाजवलं."

ती पिठाचा डबा ठेवायला उठली, तेव्हा मी ती नवी पट्टी हातात घेतली. उलटी केली. समुद्रपूरला मला वाटलं होतं, ती नुसती दाखवायला आणली आहे. दाखवायची पट्टी खालून तासायची गरज नसते. ही खालून तासलेली होती. तासून, कानाला लावून, परत तासून, मधोमध पार पातळ झालेली, आणि पटाशीच्या खुणा इकडे-तिकडे घसरलेल्या, काही थेट काठापर्यंत गेलेल्या. त्याला तो सूर पाहिजे होता. भोंग्यावर ऐकला तसा, स्वतःच्या पेटीत. वैनी ज्या दुपारी त्याला पुरे करा म्हणायची, त्यातल्या किती दुपारी तो हे करत होता, ते मी तिला विचारलं नाही.

मी काडीनं एकदा वाजवली. भद्द आवाज आला. पंचम नव्हता. कुठलाच सूर नव्हता.

"राहू द्या," वैनी आतून म्हणाली.

निघताना तिनं विचारलं, यंदाचं गाणं करून राह्यले का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, "ते लाकडी वाजवणं त्यात टाकू नका."

"नाही टाकत," मी म्हटलं.

आता तिच्याकडे सकाळी गेलो की कुकरची शिट्टी ऐकू येते, बाजूच्या घरातला टीव्ही ऐकू येतो. मोबाईल बरणीजवळ नसतो. चहा देते. त्यावर बोलत नाही. तिचं ओझं कमी झालं असेल असं मी काही दिवस धरून चाललो होतो. चेहऱ्यावरून तसं दिसत नाही. आधी ओझ्याच्या सोबतीला निदान ते ठोके तरी होते.

गायक खोलीवर आला होता. त्याला दुसरं काही चालेना. लोक तेच मागून राह्यले म्हणाला, दादाची आठवण म्हणून तरी टाक, लोकं रडतात ते ऐकून. मी त्याला कारण सांगू शकलो असतो. वैनीला सांगितल्यावर दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण जात नाही. कॉम्प्युटरमध्ये ती सगळी मांडणी, तो उशीर, ते हलके ठोके, सगळं मी तेव्हाच एका नावानं साठवून ठेवलं होतं. नाव 'दादा' दिलं होतं. ते उघडलं आणि बोटं ठेवली.

गाणं तयार आहे. जयंती तोंडावर आली आहे. विहारावरचे भोंगे परवा बांधले, मी पाहून आलो. त्यातल्या एकाचं तोंड वैनीच्या मागच्या दाराकडे आहे.